पायांकडे बघा

रिओ ऑलिम्पिक, 10 ऑगस्ट 2016. पुरुषांच्या जिम्नॅस्टिक्सची ऑल-अराउंड, म्हणजे सहाही साधनांच्या गुणांची बेरीज धरणारी, अंतिम फेरी. सहापैकी पाच साधनं झाली आहेत आणि युक्रेनचा ओलेग वेर्नियायेव 0.901 गुणांनी पुढे आहे. एवढी आघाडी शेवटच्या साधनावर सहसा कुणी घालवत नाही.

उरलाय फक्त हाय बार, उंचावरचा आडवा दांडा. जपानचा कोहेई उचिमुरा बार सोडतो, हवेत फिरतो, पुन्हा पकडतो. याच कसरतीत त्याच्या कमरेत उसण भरते, पण बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. आता हातांकडे नको, पायांकडे बघा. शेवटची झेप... पाय गादीवर टेकले ते टेकलेच. 15.800.

सुवर्णासाठी ओलेगला 14.900 पुरले असते. उतरताना त्याचा पाय हलला. मिळाले 14.800.

सुवर्ण कोहेईला, फरक 0.099. आणि नियम सांगतो, उतरताना छोटंसं पाऊल सरकलं तरी 0.1 गुण कापला जातो!

नागासाकी प्रांतातल्या इसाहाया गावात आईवडिलांचाच जिम्नॅस्टिक्सचा क्लब. तिसऱ्या वर्षापासून कोहेई तिथलाच. 2008 ला बीजिंगमध्ये, एकोणिसाव्या वर्षी, पॉमेल हॉर्सवरून, म्हणजे मुठी लावलेल्या घोड्यावरून, दोनदा पडला. तरी ऑल-अराउंडचं रौप्य घेऊन आला. त्यानंतर 2009 ते 2016, सहा जागतिक अजिंक्यपदं आणि दोन ऑलिम्पिक सुवर्णं. आठ वर्षं या प्रकारात त्याला कुणी हरवलंच नाही. एकेका साधनावर त्याच्याहून सरस खेळाडू होते. सहाही साधनांवर इतका नीटस मात्र कुणी नव्हता. (ब्राझीलला पोहोचल्या पोहोचल्या पोकेमॉन गो खेळून त्यानं जवळपास पाच लाख येनचं फोनबिल केलं होतं, तेवढा एकच बेशिस्तपणा.)

मालिका तुटली तीही पायामुळेच. 2017, माँट्रियल. व्हॉल्टवरून, म्हणजे उडीच्या टेबलावरून, उतरताना डावा घोटा दुखावला आणि स्पर्धा सोडावी लागली.

पुढे खांद्यांनी साथ सोडली. टोकियो ऑलिम्पिकसाठी त्यानं पाच साधनं बाजूला ठेवून एकटा हाय बार धरला, आणि पात्रता फेरीतच बारवरून हात सुटला. रिकाम्या प्रेक्षागृहात तो उठला, पुन्हा बारला लटकला आणि कसरत पुरी केली.

ऑक्टोबर 2021. किताक्युशू, त्याचं जन्मगाव. जागतिक स्पर्धेची हाय बार अंतिम फेरी, त्याची शेवटची स्पर्धा. क्रमांक आला सहावा.

पण तो क्रमांक नंतरचा. आत्ता तो बार सोडतोय. पायांकडे बघा.

टेकले. हलले नाहीत.