शेवटच्या दिवशी आपल्याला विचारणार काय?

मंडळी, हा विषय माझ्या वाट्याला आला तो नोव्हेंबरमुळे. 2 नोव्हेंबरला, म्हणजे मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, वसईकडच्या कुठल्याही चर्चच्या दफनभूमीत जा, आदल्या आठवड्यातच गवत काढून, थडगी घासून धुवून झालेली असतात, संध्याकाळी झेंडू आणि मेणबत्त्या, फादर पवित्र पाणी शिंपडत पुढे चाललेत आणि मागे पोरं वितळलेलं मेण गोळा करून त्याचे गोळे वळतायत, आणि आया ओरडतायत. आपल्याकडे मरणाची झाकपाक नाही, हे मला आवडतं.

मुंबईत तर थडगंही कायमचं नसतं. जागाच नाही ना, मग काही वर्षांनी कबर पुन्हा उघडतात, हाडं काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि त्या जागी दुसरं कुणीतरी जातं. मग लोक हळूच विचारतात, पुनरुत्थानाचं, म्हणजे शेवटच्या दिवशी मेलेले पुन्हा उठणार त्याचं, काय हो? अहो, ते हाडं शाबूत राहण्यावर अवलंबून नाही. कॅथलिक चर्चने 1963 साली दहनालासुद्धा परवानगी दिली, फक्त पुनरुत्थान नाकारायचं म्हणून दहन करू नका, आणि 2016 मध्ये रोमने परत सांगितलं की राख उधळू नका, घरी शोकेसमध्ये ठेवू नका, पवित्र जागी ठेवा. कॅथलिक लोक मेलेल्यांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधला मुख्य उपासनाविधी, अर्पण करतात, प्रॉटेस्टंट करत नाहीत, त्यावर आज वाद नको, जेवायची वेळ होईल.

खरी भीती न्यायाची असते. मराठी माणूस कुठल्याही धर्माचा असू दे, न्याय म्हटलं की त्याच्या डोक्यात चित्रगुप्त वही घेऊन बसलेलाच असतो, पाप एका बाजूला, पुण्य दुसऱ्या बाजूला आणि खाली बेरीज. आणि बायबलमध्ये असं काही नाहीच म्हणायचीही सोय नाही, कारण प्रकटीकरण ह्या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या 20व्या अध्यायात पुस्तकं उघडली जातात आणि ज्याचा त्याचा न्याय ज्याच्या त्याच्या कामांप्रमाणे होतो असं स्वच्छ लिहिलंय. पण नीट वाचा, तिथेच आणखी एक पुस्तक उघडतं, जीवनाचं, आणि त्यात कामं नाहीत, नुसती नावं आहेत. आता कामांनी तरायचं की कृपेने, यावर प्रॉटेस्टंट पंथाला सुरुवात करणाऱ्या ल्यूथरपासून पावणेपाचशे वर्षं भांडण झालं, शेवटी 31 ऑक्टोबर 1999ला जर्मनीत ऑग्सबर्गला कॅथलिक आणि ल्यूथरन चर्चने सही करून टाकली की बाबांनो, तारते ती कृपाच, आणि कामं त्या कृपेतून येतात. आपल्याकडे ही बातमी अजून बऱ्याच जणांपर्यंत पोचलेली नाही!

प्रेषित पौलाने करिंथच्या ख्रिस्ती लोकांना पत्र लिहिलं तिथे वेगळीच गंमत आहे. पाया एकच, ख्रिस्त. त्यावर कुणी सोनं, चांदी लावून बांधतो, कुणी लाकूड, गवत, पेंढा, आणि त्या दिवशी आग प्रत्येकाचं काम तपासणार. ज्याचं काम जळालं तो माणूस स्वतः वाचतो, पण आगीतून निघावा तसा. म्हणजे माणूस वाचला तरी आयुष्यभराचं बांधकाम जाऊ शकतं. मला नरकापेक्षा हे वाक्य जास्त घाबरवतं.

मग जळत नाही असं काय असतं? त्यासाठी मत्तयच्या शुभवर्तमानाचा 25वा अध्याय. राजा, म्हणजे ख्रिस्त, न्यायाला बसलाय, सगळी राष्ट्रं समोर, मेंढरं उजवीकडे, शेरडं डावीकडे. मी भुकेला होतो, तहानलेला होतो, परका, उघडा, आजारी, तुरुंगात होतो. हे सहा प्रश्न आपल्याला पाठ असतात, पण त्याच्या पुढचं आपण भराभर वाचून टाकतो. डावीकडचे विचारतात, प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं? आणि उजवीकडचेसुद्धा अगदी हेच विचारतात! त्यांनाही पत्ता नाही. ज्यांनी केलं त्यांनी हिशोबच ठेवला नव्हता. आज मला एवढंच सांगायचंय, की जे लक्षात ठेवून, स्वर्गाच्या खात्यात जमा व्हावं म्हणून केलं, त्याचं तिथे कुणी नाव काढत नाही, आणि जे समोर माणूस होता म्हणून केलं आणि विसरून गेलो, तेच राजाला आठवतं.

पंडिता रमाबाईंचंच घ्या. 1874च्या सुमाराला, दुष्काळात, सोळा वर्षांच्या असताना वडील गेले आणि थोड्याच दिवसांत आई. परक्या मुलखात आईची तिरडी उचलायला कुणी येईना. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ, आणि चौथ्या ह्या. उंची कमी, खांदा पुरेना, म्हणून तिरडीचं टोक डोक्यावर घेऊन स्मशानापर्यंत चालत गेल्या. पुढे बहीण गेली, भाऊ गेला, 1882 मध्ये लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच नवरा गेला, आणि 1883 मध्ये इंग्लंडला वाँटेजला बाप्तिस्मा. मग 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा ह्या बाई पुण्यात आरामात बसू शकल्या असत्या, त्यांची विधवांसाठीची शाळा, शारदा सदन, नीट चालू होती, पण मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो पोरी घेऊन आल्या, केडगावच्या शेतावर आणल्या, तिथेच 'मुक्ती' हा त्यांचा आश्रम उभा राहिला. पुणे-दौंड रेल्वे लाइनवर आहे, बघून या एकदा. 'मी भुकेला होतो' ह्या वाक्यात त्या दोन्हीकडच्या होत्या, आधी उपाशी त्याच होत्या, नंतर जेवायला घालणाऱ्या त्याच.

त्यांनी हिब्रू, ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, 1921 मध्ये एकुलती एक मनोरमा गेली तरी काम थांबवलं नाही, 5 एप्रिल 1922ला स्वतः गेल्या आणि ते बायबल दोन वर्षांनी पूर्ण छापून आलं. आता खरं बोलू का? ते भाषांतर आज रविवारी फारसं कुठे वाचलं जात नाही. पण ते मुक्तीच्याच छापखान्यात छापलं, खिळे जुळवणाऱ्या तिथल्याच बायका, कुणी दुष्काळातून उचललेली, कुणी बालविधवा, जिला अक्षर माहीत नव्हतं ती ओळीच्या ओळी उलट्या वाचून लावत होती. पौलाच्या त्या आगीत पुस्तकाचं काय होईल ते देव जाणे, माझं मत ह्या कंपोझिटर बायकांना.

आता कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच बोलतो: शेजारचे जोशीकाका चर्चमध्ये येत नाहीत, त्यांचं काय? मत्तयने 'सगळी राष्ट्रं' लिहिलंय. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये म्हटलं की ज्यांना स्वतःचा दोष नसताना सुवार्ता कळली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सद्सद्विवेकाने जगतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. बऱ्याच इव्हँजेलिकल मंडळींना हे मान्य नाही, ते योहान 14:6 उघडून दाखवतात, 'माझ्याद्वारे आल्याशिवाय कुणी पित्याकडे येत नाही', आणि ते वचनही बायबलमध्येच आहे, खोडता येत नाही. माझं म्हणाल तर मी व्हॅटिकनच्या बाजूने. इथे पास्टर बसलेत, ते मान हलवतायत, म्हणजे नाही अशी. या पास्टर, माइक घ्या.