मँगो स्ट्रीटवरचे लाल घर

शिकागोतील या लहानशा लाल घराच्या विटा जागोजागी ढासळल्या आहेत आणि पुढचे दार इतके फुगले आहे की, आत शिरायचे तर ते जोराने ढकलावे लागते. सँड्रा सिस्नेरोस यांच्या १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द हाऊस ऑन मँगो स्ट्रीट’ या कादंबरीत एस्पेरान्सा कोर्देरो ही मुलगी आईवडील आणि तीन भावंडांसह येथे राहायला येते. आता कोणाला भाडे द्यावे लागत नाही. पण आईवडील ज्याच्या गोष्टी सांगत, ते झाडांमधले पांढरे घर हे नव्हे.

या कुटुंबाची माया लेखिका केसांतून सांगते. वडिलांचे केस झाडूसारखे ताठ, आईचे बारीक कुरळे. त्या केसांना येणाऱ्या पावाच्या वासाशेजारी, बाहेर पाऊस पडत असताना आणि वडील घोरत असताना, मुलीला निर्धास्त झोप लागते. माझ्या मते पुस्तकाचा पाया या एका पानात आहे, कारण पुढे ती दूर जाण्याची स्वप्ने पाहू लागते, तेव्हा ती कोणती ऊब मागे ठेवणार आहे हे आपल्याला ठाऊक असते.

मेक्सिकोत आजोबा वारल्याचे वडील पहाटेच्या अंधारात तिच्या खाटेवर बसून सांगतात आणि रडू लागतात. ती थोरली असल्यामुळे भावंडांना ही बातमी सांगण्याचे काम तिच्याकडे येते. तोवर ती वडिलांना कवटाळून बसते.

तिचे नाव पणजीचे आहे. स्पॅनिशमध्ये आशा करणे आणि वाट पाहणे या दोहोंना ‘एस्पेरार’ हे एकच क्रियापद आहे, आणि पणजीने सारा जन्म खिडकीबाहेर पाहत काढला. पणतीला नाव वारशाने मिळाले आहे, ती खिडकी मात्र नको आहे. सिस्नेरोस स्वतः सहा भावांमधली एकुलती एक बहीण, आणि त्यांचे बालपण शिकागो आणि मेक्सिको यांच्यातील येरझाऱ्यांत गेले. भरलेल्या घरात स्वतःचा कोपरा नसणे त्यांनी जवळून पाहिले असणार.

वडील टेकडीवरच्या श्रीमंत वस्तीत बागकाम करतात आणि रविवारी सगळे तिथली घरे पाहायला जातात. एस्पेरान्सा एके दिवशी जाणे बंद करते. आपण सगळे भुकेल्यासारखे टक लावून पाहत राहतो, याची तिला लाज वाटते, पण ती ते घरच्यांना सांगत नाही. पुढे आपले घर झाले, की वाटेवरच्या बेघरांना माळ्यावर राहायला बोलवायचे, हे मात्र तिने ठरवून टाकले आहे.