दारावरचे २७ हक्क

(दृश्य : खाणींचे उंच सांगाडे. पहाट.)

दक्षिण आफ्रिकेचा फ्री स्टेट प्रांत. सोन्याच्या खाणींभोवती वसलेलं वेलकम. इथल्या वेलकम हायस्कूलमधली एक मुलगी आणि याच प्रांतातल्या हार्मनी हायस्कूलमधली एक, दोघी शिकत असतानाच गरोदर राहिल्या. त्यांचे चेहरे इथं दिसणार नाहीत, नावंही नाहीत.

(दृश्य : टेबलावर नियमांचा कागद, अगदी जवळून.)

शाळांचे नियम लेखी होते. आपण गरोदर आहोत असं वाटलं, तर मुलीनं शाळेला कळवायचं. मग ठरावीक काळ शाळेबाहेर राहायचं. नियम व्यवस्थापन मंडळाचे, अंमल मुख्याध्यापकांचा. म्हणजे कुणाला विचारावं, तर तो म्हणणार, मी फक्त नियम पाळला.

प्रांताच्या शिक्षण खात्याच्या प्रमुखांनी फर्मावलं, मुलींना परत घ्या. शाळा कोर्टात गेल्या. आमचा नियम परस्पर मोडायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? मुलींचा प्रश्न बाजूला राहिला, भांडण अधिकाराचं झालं. उच्च न्यायालयात शाळा जिंकल्या, अपिलातही जिंकल्या.

(दृश्य : जोहान्सबर्ग, घटना न्यायालय. कॅमेरा दारावरून हळूहळू वर.)

हे लाकडी दार नीट बघा. राज्यघटनेतले २७ हक्क यावर कोरले आहेत, देशाच्या निरनिराळ्या भाषांमध्ये, खुणांच्या भाषेतही. पूर्वी या टेकडीवर तुरुंग होता. गांधीजी इथं कैदेत होते, मंडेलाही. पाडलेल्या कोठड्यांच्या विटा या इमारतीत पुन्हा वापरल्या आहेत.

(दृश्य : विटांची भिंत.)

१० जुलै २०१३. न्यायालयानं खातेप्रमुखांचं अपील फेटाळलं. शाळेचं धोरण चुकीचं वाटलं तरी ते असं हुकूम काढून बाजूला सारता येत नाही, त्यासाठी कायद्याची वाट आहे. इथवर शाळांची सरशी. पण त्याच निकालात पुढं म्हटलं, की हे नियम समानता, प्रतिष्ठा, खासगीपणा आणि शिक्षण या हक्कांना सकृद्दर्शनी बाधा आणतात. खात्याशी बोला, नियम तपासा आणि काय केलंत ते आम्हाला कळवा, असा आदेश शाळांना मिळाला.

गरोदरपण नऊ महिन्यांचं. निकालाला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागला.

(दृश्य : शाळेचं फाटक. गणवेशातल्या मुली आत जाताहेत.)

डिसेंबर २०२१ मध्ये देशभरासाठी धोरण आलं : गरोदर विद्यार्थिनीला काढायचं नाही, बाळंतपणानंतर परतायला मदत करायची.

(निवेदन थांबतं. हजेरीचा आवाज.)