करप्याचे बदलते कूळ

जानेवारीच्या पहाटे ग्वाल्हेरचा किल्ला धुक्यात अर्धा बुडालेला असतो आणि शहराबाहेरील बटाट्याच्या शेतांत पानांवरचे दव ऊन वर आले तरी वाळत नाही. अशा ओलाव्यात पानाच्या कडेला पाणी मुरल्यासारखा काळपट डाग उमटतो, आणि पान उलटले की त्याच्याभोवती पांढरी लव दिसते. इथला शेतकरी याला झुलसा म्हणतो. आपल्या मराठीत हा उशिरा येणारा करपा. त्याचा कर्ता फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स हा बुरशीसारखा दिसत असला, तरी त्याचे नाते खऱ्या बुरशीपेक्षा तपकिरी शैवालाशी जवळचे आहे.

बटाटा बेण्यापासून लावतात, त्यामुळे एका वाणाची सगळी झाडे जनुकीयदृष्ट्या सारखी असतात. रोगकारक मात्र तसाच राहत नाही. त्याचे ए-१ आणि ए-२ असे दोन समागम-प्रकार, म्हणजे एकमेकांशी संकर करू शकणारे जोडीदार, आहेत. मेक्सिकोबाहेर दीर्घकाळ ए-१ चेच राज्य होते. १९८४ मध्ये स्वित्झर्लंडमधून ए-२ ची नोंद झाली आणि चित्र पालटू लागले.

शेतातला रोग कोणत्या प्रकारचा हे प्रयोगशाळेत असे तपासतात: काचेच्या बशीत एका बाजूला ओळखीचा ए-१ वाढवतात, तर दुसऱ्या बाजूला शेतातून आणलेला नमुना. दोघांच्या सीमेवर सूक्ष्मदर्शकाखाली जाड भिंतीचे गोल बीजाणू दिसले, तर नमुना ए-२ ठरतो. संकरातून जन्मलेले हे बीजाणू पीक निघाल्यावरही जमिनीत तग धरतात आणि त्यांतून नव्या जनुकीय जुळण्या निघू शकतात. तरीही गंमत अशी, की अलीकडच्या काळात सर्वांत वेगाने पसरलेली १३-ए-२ ही वंशशाखा संकराने नव्हे, तर स्वतःच्याच हुबेहूब प्रती काढत फैलावली. २००४ मध्ये ती नेदरलँड्स आणि जर्मनीत आढळली, पुढे दक्षिण भारतातील टोमॅटो आणि बटाट्यावरही पोहोचली. लागण झालेल्या बेण्याबरोबर असा रोग दूरवर जाऊ शकतो. मेटॅलॅक्झिल हे औषध या शाखेवर चालत नाही, त्यामुळे फवारणीचा खर्च होतो आणि पीकही हातचे जाते.

वंशशाखा ओळखण्यासाठी रोगट पान खास कागदावर दाबून त्यावरील डीएनए प्रयोगशाळेकडे पाठवता येतो. ओला नमुना सांभाळत नेण्याची गरज पडत नाही. या शेतातून असा कागद अजून गेलेला नाही. पंप मात्र भरून तयार आहे.