जांभ्यातलं पाणी आणि बाळाचं वजन

मंडळी, आपल्या वाडीतल्या विहिरीत तळातला खडा दिसतो, आणि त्या नितळपणावर आपला फार विश्वास आहे. मी आज त्या विश्वासाविरुद्ध बोलायला उभा आहे.

आपली कोकणातली जमीन जांभ्याची, म्हणजे भेगाळ तांबड्या दगडाची. मातीच्या जाड थरातून पाणी सावकाश झिरपलं, तर बरेचसे जंतू वाटेत अडकतात, मरतात. जांभ्याच्या भेगांतून धावणाऱ्या पाण्याला तेवढी सवडच मिळत नाही. त्यात कितीतरी जुन्या विहिरी चिऱ्यांच्या, सांधे न भरलेल्या. घरोघरी संडास झाले हे उत्तमच झालं. पण उतारावरच्या वाडीत वरच्या घराचा शोषखड्डा आणि खालच्या घराची विहीर यांत अंतर किती, हे खड्डा खणताना कितीजणांनी पाहिलं? मृगाच्या सरींनी विहीर भरू लागते, तेव्हा त्या पाण्याबरोबर आणखी काय उतरतं, ते डोळ्यांना दिसत नाही.

मोठ्या माणसाला जुलाब होतात, चार दिवसांत तो कामाला लागतो. दीड वर्षाच्या मुलाचं तसं नसतं. लहान आतड्याला आतून मखमलीसारखं बारीक उंचवट्यांचं अस्तर असतं. अन्नरस तिथून शोषला जातो. जंतू पुन्हा पुन्हा पोटात जात राहिले, तर ते उंचवटे खुरटतात आणि आतड्याची सूज हटत नाही. जुलाब न होताही हे घडू शकतं, आणि मला सगळ्यात भीती याचीच वाटते. आई पेज, नाचणी, अंडं सगळं भरवते, तरी अंगणवाडीतला वजनाचा काटा हलत नाही. मग सगळे तिलाच विचारतात, ‘पोराला खायला घालतेस ना?’ हा त्या बाईवर अन्याय आहे. मेंदूची वाढ पहिल्या दोन वर्षांत सर्वांत वेगाने होते. त्या वयात खुंटलेल्या मुलांना पुढे शाळेत शिकणंही जड जातं, असं अनेक देशांत दिसून आलं आहे.

एक सवय मात्र आजच सोडा. वैशाखात घसा सुकेल म्हणून आजी तान्ह्याला चमच्याने पाणी पाजते. मायेनेच पाजते. पण आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं. पहिले सहा महिने, कितीही उकाडा असो, वरचं पाणी लागत नाही.

त्यानंतर पाणी खळखळून उकळा. मात्र लोटे, महाडसारख्या औद्योगिक वसाहतींजवळ राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: उकळून जंतू मरतात, पण पाण्यात शिसं असेल तर ते जात नाही, पाणी आटलं की त्याचं प्रमाण उलट वाढतं. गिळलेलं शिसं लहान मुलाचं शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतं. खाडीकाठच्या विहिरींचा मे महिन्यातला मचूळपणाही उकळून जात नाही. तिथे प्रयोगशाळेतली तपासणीच हवी.

आणि टीसीएल पावडर, म्हणजे विहिरीतले जंतू मारायला टाकतात ती ब्लीचिंग पावडर. ती उघड्या पिशवीत, दमट खोलीत पडून राहिली की तिच्यातलं क्लोरीन उडून जातं. मग विहिरीत टाकली काय, न टाकली काय. टाकल्यावर अर्ध्या तासाने लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. पाऊस लागण्याआधीच्या ग्रामसभेत उभं राहून विचारा: पावडर कुठे ठेवता, शेवटची पाणीतपासणी कधी झाली, अहवाल कुठे आहे? बायकांनी तर नक्की विचारा. गावाला लाल कार्ड, म्हणजे पाणी धोक्याचं असल्याचा शेरा, मिळालं असेल, तर ते पंचायतीच्या फलकावर लावायला सांगा.