अक्षय्य तृतीयेचं ग्रीस

[दृश्य : शिरोळ तालुका, एप्रिल अखेर. वस्तीवरचा गोठा. शेजारी उसाची रिकामी ट्रॉली, मागचं चाक जॅकवर.]

गळीत हंगाम संपला. तोडणीच्या टोळ्या गावाकडे परतल्या, ट्रॅक्टर मशागतीला लागला आणि ट्रॉली बांधाकडेला उभी राहिली. आता ती हलणार थेट दिवाळीच्या तोंडावर. मधला सगळा पावसाळा.

आमच्याकडे ट्रॉलीचा हब, म्हणजे चाकाचा मधला, बेरिंग बसवलेला भाग, उघडतात तो खंडेनवमीच्या सुमारास. ट्रॉली धुवायची, ग्रीस भरायचं, हार घालायचा. घरी आम्हीही कैक वर्षं तसंच केलं. मग दोन हंगामांपूर्वी कारखान्याच्या वाटेवर, भरल्या ट्रॉलीचं डावं चाक ऐन वळणावर जाम झालं. हबमधून धूर. ऊस दुसऱ्या ट्रॉलीत भरेपर्यंत रात्र झाली.

ते बेरिंग जळून निळं पडलं होतं, त्यातून काही कळण्यासारखं नव्हतं. पण मिस्त्रींनी उजवं चाकही खोललं. कपावर, म्हणजे बेरिंगच्या बाहेरच्या कड्यावर, काळपट रेघा होत्या. दोन रेघांमधलं अंतर नेमकं दोन रोलरांमधल्या अंतराएवढं. मिस्त्री म्हणाले, "हे पळून झालेलं न्हवं. हुबं ऱ्हाऊन झालंया."

[दृश्य : कप हातात. बोटाच्या नखाला लागणारी रेघ.]

हे बेरिंग निमुळत्या रोलरांचं. अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये घोडागाड्या बनवणारे हेन्री टिम्केन यांनी १८९८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. वळणावर चाकाला आडवा रेटा बसतो. वरचं वजन आणि हा रेटा, दोन्ही पेलणारं बेरिंग त्यांना हवं होतं. उसाच्या ट्रॉलीला तेच लागतं. पण रोलर आणि कप जिथे टेकतात तिथे ग्रीसचा थर हवा. चाक महिनोन् महिने एकाच जागी राहिलं की टेकलेल्या जागेतून ग्रीस बाजूला सरतं. त्यात पाणी असेल तर तिथेच गंज धरतो. हंगामात त्या गंजलेल्या रेघेवरून प्रत्येक रोलर जातो आणि पोलादाचा पापुद्रा सुटायला लागतो.

पाणी आत येतं कुठून? बरेचदा आपणच घालतो. खेप टाकून आल्यावर हब तापलेला असतो. त्यावर लगेच पाण्याचा फवारा मारला की आतली हवा आकसते आणि झिजलेल्या ऑइल सीलमधून, म्हणजे ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवणाऱ्या कड्यातून, पाणी ओढलं जातं. २०१९ च्या महापुरात बुडालेल्या ट्रॉल्यांचं तर विचारायलाच नको. पुरात बुडालेलं चाक उघडल्याशिवाय रस्त्यावर आणूच नये.

मोटारहोम आणि कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरची घरं, बाळगणाऱ्यांचंही दुखणं हेच, गाडी पळते थोडी आणि उभी राहते फार. अमेरिकेतल्या डेक्स्टर कंपनीच्या ट्रेलर-आखांना १२ महिने किंवा १२,००० मैल, जे आधी भरेल तेव्हा बेरिंग तपासून ग्रीस करायला सांगितलेलं असतं. आपल्या ट्रॉलीला मीटरच नाही. तिचे महिनेच मोजायचे.

[दृश्य : मिस्त्रींचे हात. डिझेलचं घमेलं, ग्रीसचा डबा.]

जुनं ग्रीस पूर्ण पुसायचं. त्याच्यावर वेगळ्या जातीचं ग्रीस घालायचं नाही. काही ग्रीस एकमेकांत मिसळली की पातळ होऊन वाहतात. बेरिंग डिझेलमध्ये धुऊन कोरडं करायचं. मग डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा, उजव्या हातात बेरिंग. त्याची रुंद कड तळहातावर दाबत राहायचं, रोलरांच्या फटीतून वरच्या बाजूला ग्रीसचे किडे निघेपर्यंत. हब नुसता ग्रीसने भरला म्हणून ते रोलरांमध्ये शिरतंच असं नाही. सील मात्र दर वेळी नवं. शेवटी चाक फिरवत नट आवळायचा, थोडा मागे घ्यायचा आणि तो सुटू नये म्हणून नवी स्प्लिट पिन घालायची. जुनी सरळ करून वापरण्यात वाचतं काय?

आता घरी हब उघडतो तो अक्षय्य तृतीयेला, पावसाआधी. चाकं ठोकळ्यांवर उचलून ठेवतो आणि पावसाळ्यात अधूनमधून हाताने फिरवतो. खंडेनवमीला ढिलाई बघतो. संक्रांतीच्या सुमारास, निम्मा हंगाम झाला की, खेपेनंतर हबजवळ हात नेतो. एक हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर तो त्याच दिवशी खुलतो.

[दृश्य : मिस्त्री चाकाला झोका देतात. कान हबजवळ. निवेदन थांबतं. चाक फिरतं, कुरकुर नाही. मिस्त्री पुढच्या चाकाखाली जॅक सरकवतात.]