ध्येयाचा खर्च घर भरतं

(अमरावती जिल्ह्यातल्या एका गावी अभ्यासिकेच्या वर्धापनदिनी एका निवृत्त क्रीडाशिक्षकानं दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, सरपंचताई, अभ्यासिकेतली पोरंपोरी आणि मागं भिंतीला टेकून उभे असलेले त्यांचे मायबाप. मागच्यांनी पुढं येऊन बसा बरं. आजचं निम्मं बोलणं तुमच्याशीच आहे.

माझ्या पाठीमागं फ्लेक्स लावलाय, ‘ध्येयवेडे व्हा’. पोरांनी वर्गणी काढून छापून आणलाय, म्हणून नावं ठेवत नाही. पण नोकरीभर शिट्टी फुंकताना मी वेडे पुष्कळ पाहिले, हिशेबी कमी पाहिले. जे कुठं लागले, कोणी पोलिसात, कोणी वनरक्षक, एकदोन सैन्यात, ते बहुतेक हिशेबी होते. तेव्हा आज हिशेबाचं बोलू.

पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानाचे ५० गुण, लेखीचे १००. मुलानं १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारले की २० पैकी २०. हे तुम्हाला तोंडपाठ आहे. पण मी विचारलं, ‘दोनशे मीटरला किती लागले पाहिजेत?’ की सगळे गप्प! ५ मिनिटं १० सेकंद म्हणजे ३१० सेकंद. आठनं भागा. दर दोनशेला पावणेएकोणचाळीस. मुलींना २० गुणांसाठी ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत मारायचे, म्हणजे दर दोनशेला साडेबेचाळीस.

राज्यमार्गावर किलोमीटरच्या दोन मोठ्या दगडांमध्ये दर २०० मीटरला एक छोटा दगड रोवलेला असतो. आपली पोरं पहाटे त्या दगडांवरूनच पळतात. पण कसं? पहिला दगड तेहतीस सेकंदांत, कारण शेजारी दोस्त आहे आणि दुधाच्या गाडीवरून कोणीतरी ओळखीचं पाहून राहिलंय. चौथ्या दगडाला छाती भरते. सहाव्याला पाय दगड होतात, घड्याळ सत्तेचाळीस दाखवतं. मग पोरगा मला सांगतो, ‘सर, पाच पन्नास लागले, स्टॅमिना कमी पडला.’ अरे, स्टॅमिना होता की. तू तो पहिल्याच दगडाला उधळून टाकला. अशा पोराला मी आठवडाभर एकच काम देतो. पहिला दगड अडतीसच्या आत आला, तर मागं फिरायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. जोरात पळायला सांगितलेलं पोरांना चालतं, हळू पळायला सांगितलं की अपमान वाटतो. पण पहिला दगड हातात आला की पाचवा आपोआप सुधारतो, हे मी मैदानावर वारंवार पाहिलंय.

आता मायबापांना विचारतो. आपल्या तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, तुम्हाला सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं २०१४ मध्ये शर्यती बंद पडल्या, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये घटनापीठानं ती कायम केली. मधली सगळी वर्षं गावोगावचे शौकीन कसे हळहळत होते ते मी ऐकलंय. पटात निकाल सेकंदावर लागतो. जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याला विचारा, तो जोडीचा वेळ सेकंदाच्या शंभराव्या हिश्शापर्यंत सांगेल. त्याच माणसाला विचारा, ‘भाऊ, तुमच्या पोरीला आठशे मीटरला किती लागते?’ तो म्हणतो, ‘पयते बुवा, चांगली पयते.’

हसू नका, खरं आहे ते.

क्रिकेटचं थोडं बोलतो, नाहीतर पोरं माझ्यावर नाराज होतील. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतो. पहिला करंडक मिळाला १ जानेवारी २०१८ ला, इंदुरात दिल्लीला हरवून. मधली साठ वर्षं आपण जाऊन हरून येत होतो. पुढच्याच हंगामात नागपुरात सौराष्ट्राला हरवलं. तिसरा करंडक मार्च २०२५ मध्ये, पुन्हा नागपुरात, समोर केरळ. हा तिसरा सामना नीट पाहा. आपले २४ धावांवर ३ बाद. तिथून दानिश मालेवार आणि करुण नायरनं २१५ धावा जोडल्या. आपल्या ३७९ झाल्या. केरळचा कर्णधार ९८ वर बाद झाला आणि त्यांचा डाव ३४२ वर संपला. सामना अनिर्णित राहिला, तरी करंडक आपल्याकडे आला, कारण पहिल्या डावात ३७ धावांची आघाडी होती. रणजीचा नियमच तसा आहे. करंडक डोळ्यापुढं ठेवून फलंदाजी करता येत नाही; पहिल्या डावाची आघाडी डोळ्यापुढं ठेवून करता येते. तुमच्या अभ्यासाचंही तसंच आहे. ‘पोलीस व्हायचंय’ ही झाली करंडकाची भाषा. ‘दिवाळीपर्यंत तिसरा आणि चौथा दगड साडेबेचाळीसात’ ही आघाडीची.

उमेश यादवची गोष्ट तुम्ही अनेक भाषणांत ऐकली असेल. वलनीच्या कोळसा खाण वसाहतीत वाढलेला पोरगा, वडील खाणीत कामगार. पोलीस भरतीचा प्रयत्न केला, जमलं नाही. लेदरचा चेंडू हाती आला तोच विशीच्या आसपास. २००८ मध्ये रणजी, नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीत कसोटी. विदर्भाकडून कसोटी खेळणारा तो पहिला. गोष्ट खरी आहे आणि अभिमानाची आहे. पण भाषण करणारे ती शेवटून सांगतात. शेवट ठाऊक असला की मधला प्रत्येक धोंडा पायरी वाटतो. ज्या पोराची भरती हुकली आणि पुढं काहीच झालं नाही, त्याला कोणी व्यासपीठावर बोलावत नाही. तसली पोरंही माझ्याच मैदानावर पळायची, म्हणून ही गोष्ट जपून सांगतो.

दिव्या देशमुखचंही तेच. २०२५ मध्ये जॉर्जियात बातुमीला कोनेरू हंपीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली. नागपूरची पोर, कौतुक करू तेवढं थोडं. पण ते घर डॉक्टर आईबापाचं. आपलं घर वावराचं. आपल्या घराचं गणित वेगळं मांडावं लागतं.

तर त्या गणिताकडे येतो. एका घरची गोष्ट सांगतो, नाव-गाव सांगत नाही. पाच एकर कोरडवाहू, पऱ्हाटीत तुरीचं तास. पोरगी बी.ए.ला, ८०० मीटरला तीन मिनिटांच्या थोडं वर. मी ओसरीवर बसलो. बाप म्हणाला, ‘सर, पोरगी पयते, मी पाह्यतो ना. पण कापूस फुटला का घरातले सारे हात लागतेत. मजूर भेटत नाही. हे पयाले गेली तं वेचाले कोन जाईन?’

या माणसाला ‘पोरीच्या स्वप्नांना पंख द्या’ असं सांगणारा वक्ता मी पाहिलाय. पंखानं कापूस वेचला जात नाही. बापाचा प्रश्न शंभर टक्के बरोबर होता आणि त्याला उत्तरही तेवढंच बरोबर पाहिजे होतं. कृषी केंद्रानं दिलेलं जुनं कॅलेंडर भिंतीवर होतं. ते काढलं, उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसलो. वेचणीच्या महिन्यांत सकाळचा सराव बंद. दव उतरलं की पोरगी वावरात. संध्याकाळी आठवड्यातून तीनदा फक्त दोनशे-दोनशेचे तुकडे, अर्ध्या तासात आटपणारे. वेचणी आटोपली की पुन्हा पहाटे लांब पळणं. नळाचं पाणी भरायचं काम भावाकडे. भाऊ तोंड वाकडं करून बसला होता. पण लिहिलं त्याच्याच हातानं, कारण घरात अक्षर त्याचं चांगलं.

अंड्यांचा विषय निघाला. घरात अंडी यायची ती भावासाठी, कारण तोही ‘तयारी’ करत होता. त्याचा घड्याळाशी संबंध आला नव्हता, पण तयारी होती. आजी बोलली, ‘दोघायले सारखी दे.’ विषय संपला. आईची अडचण वेगळी होती. पहाटेच्या अंधारात सडकेवर पोरगी एकटी. हे घाबरटपणाचं लक्षण नाही, कोणत्याही आईला ते वाटेल. शेजारची एक पोरगी सोबत घेतली आणि मागं सायकलवर आजोबा. या वयात आजोबांना पहाटे झोप तशीही येत नाही, असं तेच म्हणाले.

मग आईनं विचारलं, ‘अन् सर, हे किती साल चालीन?’

भरतीच्या बोलण्यात हा प्रश्न सहसा कोणी काढत नाही. वयोमर्यादा खुल्या गटाला २८, मागासवर्गीयांना ३३. जाहिरातीला नेमकी तारीख नसते. म्हणजे अठराव्या वर्षी पळायला लागलेलं पोर तिशीपर्यंत ‘तयारी’तच राहू शकतं. तशी पोरं प्रत्येक गावात आहेत, या सभागृहातही आहेत. त्यांची चेष्टा करायला मी आलो नाही. त्यांना कोणी सांगितलंच नाही की थांबायची वेळसुद्धा आधी ठरवायची असते.

मे २०१८ मध्ये आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच मुलं एव्हरेस्टवर पोचली. आदिवासी घरांतली मुलं, शाळकरी वयाची. सगळ्यांनी त्यांचं शिखर पाहिलं. मला त्या खेळाचा एक नियम जास्त महत्त्वाचा वाटतो. शिखराकडे निघण्याआधी परतीची वेळ ठरलेली असते. त्या वेळेपर्यंत पोचला नाही, तर शिखर समोर दिसत असलं तरी मागं वळायचं. ती वेळ खाली, डोकं थंड असताना ठरवतात. वर गेल्यावर हवा विरळ, डोकं नीट चालत नाही, आणि ‘थोडंच राहिलं’ असं प्रत्येकालाच वाटतं. ‘थोडंच राहिलं’ हे शब्द मी भरतीच्या पोरांच्या तोंडून इतके ऐकलेत, की आता ऐकले की पोटात गोळा येतो.

तर त्या घरात ठरलं, दोन भरत्या. तोवर बी.ए. पुरं करायचं, तेही सोडायचं नाही. तिसरीचा फॉर्म भरायचा असला तर पुन्हा सगळ्यांनी बसायचं. कॅलेंडरच्या मागं खाली तेवढं लिहिलं आणि आईनं ते पुन्हा खिळ्याला टांगलं, लिहिलेली बाजू वर करून.

पहिल्या भरतीत तिचं मैदान चांगलं गेलं, लेखीत मागं पडली. दुसऱ्या भरतीत यादीतून थोडक्यात राहिली. तुम्हाला वाटलं असेल, सर आता वर्दीतला फोटो दाखवणार. नाही लागली ती. गंमत अशी की तिसरा फॉर्म भर म्हणून मागं लागला तो बाप. पोरगी म्हणाली, दोन ठरल्या होत्या. तिनं बी.पी.एड. केलं. आता एका शाळेत तासिका तत्त्वावर खेळ शिकवते. मानधन कमी आहे आणि तेही महिन्याच्या महिन्याला येत नाही. बाप अजून म्हणतो, तिसरी भरली असती तं लागली असती. लागली असतीही, कोण सांगणार! पण त्या घरात तिच्या तयारीवरून आजवर भांडण झालं नाही. कोणी कोणाला ‘तुझ्यापायी’ म्हणालं नाही. भरतीच्या नादानं फाटलेली घरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे किती मोठं आहे ते कळेल.

पोरांनो, तुमच्या पळण्याचा खर्च कोण भरतं ते मोजा. बुटाचे पैसे दिसतात. तुम्ही अभ्यासिकेत बसलेले असता तेव्हा रात्रपाळीच्या विजेवर हरभऱ्याला पाणी द्यायला कोण उठतं, ते दिसत नाही. ज्यानं खर्च भरायचा त्याला हिशेब माहीत असला पाहिजे, एवढी साधी गोष्ट आहे. आणि मायबापांनो, तुम्हीही ‘शिक बाप्पा, आमचं पाहू नको’ असं म्हणू नका. पाहू द्या त्याला. दिसलं तरच तो पहिला दगड जपून पळेल.

सरपंचताईंना एक मागणं आहे, त्यांनी मघाशीच मान हलवली म्हणून हिंमत करतो. मी अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलो. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी काढलेली संस्था, तिचं पथक १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन प्रात्यक्षिकं करून आलं. तिथं मैदान आखायला शिकलो, ते तुम्हाला फुकट सांगतो. शाळेमागं सत्तर मीटर लांब-रुंद मोकळी जागा आहे. मध्ये लोखंडी खुंटी ठोका. तिला पातळ तार बांधा. दोरी नको, ती ताणली जाते. तार ३१ मीटर ६३ सेंटीमीटर घ्या. पुस्तकी हिशेबानं २०० मीटरच्या गोलाला ३१ मीटर ८३ लागतात, पण चुन्याच्या रेघेवर कोणी पळत नाही, वीतभर बाहेरून पळतो, म्हणून तेवढी कमी. तार ताणून धरत एकानं गोल फिरायचं, दुसऱ्यानं मागून चुना टाकायचा. आठ फेऱ्यांत सोळाशे, चार फेऱ्यांत आठशे, आणि पोरी सडकेवर जाणार नाहीत. चुन्याची थैली ग्रामपंचायतीनं द्यावी. पाऊस पडून गेला की पुन्हा आखावं लागेल, ते पोरांनी करावं. घड्याळ मोबाईलमधलं चालतं. ते पळणाऱ्यानं हातात ठेवू नये, घरचं कोणीतरी कडेला उभं राहून धरावं आणि प्रत्येक फेरीचे सेकंद मोठ्यानं सांगावेत.

प्रार्थनेची वेळ झाली. कोणाला काही विचारायचं असलं तर मी नंतर इथंच बसलेला आहे.